डोंबिवलीतल्या दोन मैत्रिणी आणि एक गुपित: फोडायचं कसं?

पागोळी: दिवाळी अंकासाठी साधारण ९,००० शब्दांची दीर्घकथा लिहितेय. काळ २०२४, डोंबिवली पूर्वेतली जुनी सोसायटी. नलिनी आणि सुषमा एकाच मजल्यावर राहतात, पंचवीस वर्षांची मैत्री. नलिनीचा नवरा वारतो. त्याचं नाशिकला दुसरं बिऱ्हाड आहे, तिथे एक मुलगी. हे नलिनीच्या आधी सुषमाला कळायला हवं. सध्या कपाटात जुनं पत्र सापडतं, पण ते मलाच पटत नाहीये. आणि त्या दुसऱ्या बाईला फ्लॅटवर हक्क सांगता येईल का?

जे_रजिस्टर: पत्र काढून टाका. सुषमाला सोसायटीची सेक्रेटरी करा, की काम झालं. नवऱ्याने २००९ साली नॉमिनेशन केलेलं दाखवा. फॉर्म तीन प्रतींत भरतात. त्यात प्रत्येक नॉमिनीचं नाव, पत्ता, सभासदाशी नातं, हिस्सा किती टक्के, आणि नॉमिनी अज्ञान (म्हणजे अठरा वर्षांखालील) असेल तर जन्मतारीख असते. नलिनी शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवायला अर्ज देते, सुषमा फाइल काढते: दोन नावं, पन्नास-पन्नास टक्के. दुसऱ्या नावापुढे 'मुलगी', पत्ता नाशिकचा आणि जन्मतारीख. ती तारीखच वापरा. त्याच महिन्यात नलिनीचा गर्भपात झाला होता आणि दवाखान्यात रात्री सुषमा बसली होती, असं जुळवलंत तर एकही संवाद न लिहिता प्रसंग उभा राहील.

मात्र एक गोम आहे. नॉमिनेशन कमिटीच्या पुढच्या सभेत ठेवून इतिवृत्तात नोंदवतात. म्हणजे २००९च्या कमिटीतल्या कुणाला तरी हे तेव्हापासून माहीत आहे. सोसायटीत राहिलेला वाचक हे पहिल्या झटक्यात पकडेल.

गुपित सगळ्या गल्लीत पसरवायचं असेल तर उलट करा, नॉमिनेशनच नको. मग आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांची नमुना नियमावली) सोसायटीला हरकती मागवणारी नोटीस फळ्यावर लावावी लागते आणि दोन स्थानिक वर्तमानपत्रांतही द्यावी लागते. ती नाशिकपर्यंत पोचायला कुणीतरी ओळखीचं पुरतं. पण मग सुषमाला आधी कळण्याचा मुद्दा संपला.

वारसदार: कायद्याचं थोडक्यात. पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे मुळातच रद्दबातल. त्या बाईला वारसा नाही. तिच्या मुलीला मात्र आहे, कारण कलम १६ तिला औरस ठरवतं. फ्लॅट नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर, स्वकष्टार्जित आणि मृत्युपत्र नाही असं धरलं, तर नलिनी, तिची मुलं, नाशिकची मुलगी आणि नवऱ्याची आई हयात असेल तर ती, असे सगळे समान वाटेकरी. सासूला जिवंत ठेवा, कथेला फार उपयोगी आहे. सासऱ्यांना मुलं-बायको असताना काही मिळत नाही.

'पन्नास टक्के गेले' असं कुणाच्याही तोंडी नको. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर (कलम १५४ ब-१३) तो तात्पुरता सभासद होतो, मालकी वारसाहक्काने ठरते.

तिसरा_मजला: वर कागदपत्रं चोख झाली, आता मैत्रीकडे बघा. सुषमाला कळणं २,५००व्या शब्दाच्या आत उरका. पुढची सगळी कथा तिने किती दिवस दडवलं याची. दिवसकार्य होईपर्यंत ती गप्प राहिली तर कुणी दोष देणार नाही. तेराव्यानंतरचा प्रत्येक दिवस तिच्या खात्यावर चढतो. थापही साधी हवी: 'अगं, फाइल ऑडिटरकडे गेलीये.' नलिनी लगेच विश्वास ठेवते, वाईट तेच आहे.

भांडण सुरू करताना 'तू माझा विश्वासघात केलास' छापाची वाक्यं टाळा. मालिकांत ती रोज असतात. या वयाच्या शेजारणी डब्यावरून भांडतात. इतकी वर्षं डबा कधी रिकामा परत गेला नाही, तो नलिनी घासून, रिकामा, मुलाच्या हाती पाठवते. सुषमाला कळतं की हिला कळलंय. दोघी एकमेकींना 'नले', 'सुषमे' म्हणत असतील, तर त्या दिवसापासून नलिनी चारचौघांत 'सेक्रेटरीबाई' म्हणू दे.

पागोळी: डबा घेतला! मग २००९चा सेक्रेटरी वारलेला दाखवू का?

जे_रजिस्टर: अजिबात नको. तळमजल्यावर राहू द्या, रोज नलिनीला 'वहिनी, काही लागलं तर सांगा' म्हणणारा. सुषमा इतिवृत्तावर त्याची सही ओळखते, तिथे तुमचा दुसरा भाग सुरू.