इम्प्लांटनंतर घरातल्या खुणा पूर्ण बंद करायच्या का?

नमस्कार. मुलगी 2 वर्षं 5 महिन्यांची आहे. जन्मल्यावर कानांची तपासणी झालीच नाही. कुकरची शिट्टी झाली तरी वळेना, म्हणून बेरा (आवाजाला मेंदू प्रतिसाद देतो का हे बघणारी कानांची तपासणी) केली, तेव्हा ती 14 महिन्यांची होती. सात महिन्यांपूर्वी उजव्या कानात कॉक्लियर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी ऑपरेशन करून बसवायचं यंत्र, त्याचं बाहेरचं मशीन कानामागे असतं) बसवलं. आता म, ऊ, आ, ई, श ऐकून वळते. 'स'ला अजून नाही. पुढच्या मॅपिंगला (मशीनची सेटिंग जुळवतात तेव्हा) ते विचारणारच आहे.

प्रश्न वेगळाच आहे. थेरपिस्टबाई म्हणतात, हाताच्या खुणा एकदम बंद, नाहीतर मुलगी कानांनी शिकणार नाही. पण मुलीने आणि सासूबाईंनी मिळून पन्नासेक खुणा बनवल्यात. मूठ उघडमीट म्हणजे दूध. काल तिने तीच खूण केली आणि सासूबाईंनी, बाईंच्या सांगण्यावरून, नुसतं "दूध म्हण" म्हटलं. तिने दोनदा केली, मग सासूबाईंची मूठ स्वतःच्या हातांनी उघडायला लागली. शेवटी कानामागचं मशीन काढून सोफ्याखाली फेकलं.

रात्री बसून थोडं वाचलं आणि जास्तच गोंधळले. कोलोरॅडोच्या 150 मुलांवरचा योशिनागा-इटानो यांचा 1998 चा अभ्यास सांगतो की सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्यांची भाषा सरस, मग घरात खुणा असोत वा फक्त बोलणं. (आमची ती वेळ तर कधीच गेली.) उलट गीअर्स यांच्या 2017 च्या अभ्यासात इम्प्लांट झालेली 97 मुलं होती, आणि ज्यांच्या घरी खुणा नव्हत्या ती बोलण्यात पुढे निघाली. पण मला शंका येते: ज्यांना बोलणं जड गेलं, त्यांच्याच आईवडिलांनी खुणा जास्त दिवस चालू ठेवल्या असतील, तर दोष खुणांचा कसा? शिवाय आमच्या खुणा म्हणजे काही भारतीय सांकेतिक भाषा नव्हे, त्यात वाक्यं होत नाहीत.

ज्यांच्या मुलांचं इम्प्लांट दोन वर्षांच्या आसपास झालं त्यांनी कृपया सांगा: खुणा एकदम तोडल्या, की आधी शब्द आणि मागून खूण असं करत हळूहळू सोडवल्या? मशीन काढून फेकणं किती दिवस चाललं? सांकेतिक भाषा रीतसर शिकलेलं कुणी कुटुंब असेल तर तुमचंही ऐकायचंय.

कानात तेल घालायचे उपाय नकोत, ते नातेवाईकांकडून भरपूर मिळालेत.