मदत हवी आहे : पोरांचा अर्ज ग्रामसभेत घेतच नाहीत

बाराबंदी
अभ्यासिका पाहिजे म्हणून 43 पोरा-पोरींच्या सह्यांचा अर्ज दिला. "बघू" म्हणाले, पुढं काहीच नाही. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेच्या आत काय करावं? लवकर सांगा.

कडकभाकरी
दिला कुणाला? पोच घेतली का? सह्या करणारे किती वर्षांचे?

चौकस
महापालिकेच्या झोन कार्यालयात जा की.

बाराबंदी
शहर नाही ओ, दक्षिण सोलापूर तालुका. सरपंचांच्या हातात दिला. सगळे अकरावी-बारावीचे.

कडकभाकरी
इथंच घोळ झाला. हातात दिलेला अर्ज खिशातच राहतो. आणि ग्रामसभेचे सदस्य म्हणजे मतदार यादीतले. सतरा वर्षांच्या सहीनं विषय येत नाही. आठ-दहा मतदारांच्या सहीनं, यादीतला अनुक्रमांक घालून नवा अर्ज करा. कार्यालयात आवक क्रमांक टाकायला लावा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. नोटीस सभेच्या सात दिवस आधी निघते, तेव्हा जुलैतच द्या. नुसतं 'अभ्यासिका' लिहू नका. जागेचा मिळकत क्रमांक, खोली 20 बाय 30 फूट, 40 जणांची बैठक असं लिहा. पोरांचा कागद फेकू नका. बालसभा, म्हणजे पोरांची वेगळी सभा, घेऊन तिच्या ठरावासोबत जोडा.

शेंगाचटणी
बांधकाम कशाला? झेडपी शाळेची रिकामी खोली घ्या, चुना मारा, झालं.

कडकभाकरी
रिकामी का आहे ते विचारलं का? निर्लेखनाला, म्हणजे धोकादायक ठरवून पाडायला, गेलेली असेल तर तिथं पोरं बसवणार?

शेंगाचटणी
सगळ्याच खोल्या पडक्या नसतात. आधी बघा तरी.

हिशेबी
पैशाचं कुणीच विचारलं नाही. पंधराव्या वित्त आयोगात (2021-26) 60 टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामालाच, होते; त्यातले निम्मे पाण्याला, निम्मे स्वच्छतेला. खोली उरलेल्या अबंधित पैशातच बसते. मुलींचं स्वच्छतागृह मात्र वेगळं काम दाखवा, ते बंधितमधून होतं. सगळं एकाच अंदाजपत्रकात कोंबलं की अडकतं. आणि काम विकास आराखड्यात नसेल तर नुसत्या ठरावावर पैसे निघत नाहीत.

सरळरेषा
ग्रामसेवक नाही, आता 'ग्रामपंचायत अधिकारी' म्हणायचं.

हिशेबी
इथं ग्रामसेवक म्हणालं कोण?

चौकस
कोरम नाही झाला तर?

कडकभाकरी
15 टक्के किंवा 100 मतदार, कमी असेल ते. तहकूब सभेला कोरम लागत नाही, पण नवा विषयही घेत नाहीत. म्हणून मूळ नोटिशीतच विषयाचं नाव पाहिजे.

सरळरेषा
अठरा झालेल्यांनी मतदार नोंदणीचा नमुना 6 भरा. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, वयासाठी चारही महिन्यांची 1 तारीख धरतात.

बाराबंदी
मतदार मिळतील. मिळकत क्रमांक कुठं बघायचा?

कडकभाकरी
ग्रामपंचायतीत नमुना 8 चा, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीचा, उतारा मागा. तोही लेखी अर्ज करून, पोच घेऊन.