पायलट सक्तीचा, मग भरपाई कॅप्टनच्या माथी का?

दर्यावर्दी : १९०८ च्या भारतीय बंदर कायद्यातलं कलम ३१ आठवा. ते जिथे लागू होतं, तिथे २०० टन किंवा त्यावरचं जहाज पायलट (बंदरातली वाट दाखवायला जहाजावर चढणारा स्थानिक जाणकार) वा हार्बर मास्टर म्हणजे बंदर अधिकाऱ्याचा माणूस चढल्याशिवाय जागचं हलवायचं नाही. आणि त्याच कलमात पुढे : नुकसान झालं तर जबाबदार मालक किंवा कॅप्टन, पायलट सक्तीचा होता ही सबब चालणार नाही. २०२५ मध्ये नवा कायदा आला, पण माझा वाद या तत्त्वाशीच आहे. माणूस मी निवडायचा नाही आणि त्याची चूक मात्र आम्ही भरायची? पनामा कालव्यात जहाजाचा ताबाच पायलटकडे जातो. तसं सगळीकडे करा.

भरती_ओहोटी : कॅप्टनसाहेब, मी बंदरात पायलट आहे. जुलैत आमची लाँच, म्हणजे जहाजापर्यंत नेणारी छोटी बोट, लाटेच्या माथ्यावर आली की त्या क्षणीच ओली दोरशिडी धरायची. चुकलं तर पाय लाँच आणि जहाजाच्या मध्ये. एवढं करून ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, पोचतो तेव्हा तुमच्या जहाजाशी माझी ओळख दहा मिनिटांची. बंदराचं चॅनेल, गाळ, पाण्याची ओढ मला पाठ. पण इंजिन उलटं घ्यायला किती वेळ लागतो, काल रात्री जनरेटर कुरकुरला का, हे तुम्हालाच ठाऊक. २०२४ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला ‘डाली’ जहाजावर दोन पायलट होते. जहाजाची वीज गेली, ते पुलावर आदळलं, पूल कोसळला, ६ कामगार गेले. तिथे ताबा कोणाकडे होता याने काय फरक पडला असता?

दर्यावर्दी : तो यंत्राचा बिघाड. २००७ चं ‘कॉस्को बुसान’ घ्या. सॅन फ्रान्सिस्कोत धुक्यात जहाज पुलाच्या खांबाला घासलं, खाडीभर तेल. पायलटच्या औषधांचा त्याच्या आकलनावर परिणाम झाला होता, असं चौकशीत निघालं. कॅप्टनला ते कसं कळावं?

किनाऱ्यावरची : त्या पायलटला १० महिन्यांची कैद झाली, म्हणजे तो सुटला नाही. आणि त्याच चौकशीने कॅप्टनचं पायलटवर पुरेसं लक्ष नव्हतं असंही म्हटलंय. परवान्याची वैद्यकीय तपासणी कडक करा, हे मला जास्त पटतं.

दर्यावर्दी : तपासणीचं मान्य, भरपाईचं नाही. एका बंदरात धक्का समोर दिसतोय आणि वेग ६ नॉट. पायलटला दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा मीच ‘फुल अस्टर्न’ (इंजिन पूर्ण जोरात उलटं) दिलं. आदळलो असतो तर भरपाईचं पत्र मलाच आलं असतं.

भरती_ओहोटी : बरोबरच केलंत. पण ती ऑर्डर देता आली, कारण ताबा तुमच्याकडे होता. पनामासारखा नियम तिथे असता तर तुम्ही तिसऱ्यांदाही नुसतं सांगतच राहिला असतात.