कंपनीच्या बोर्डावर बाई कायद्यानं बसवायची का?

सीए_ताई: काल इथं धरमपेठकरांनी लिहिलं, 'बोर्डावर मेरिटनं या, कायदा केला की मालकाची बायकोच येते.' वाचून डोकंच फिरलं. बाप्पा, बायकोला बसवलं कोणी? मालकानंच ना? 2013 च्या कंपनी कायद्यानं लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारातल्या कंपनीला एक तरी बाई डायरेक्टर सक्तीची केली, तर कितीकांनी घरच्याच बायका बसवल्या, पळवाट यांनी काढली अन् बदनाम आम्ही. म्हणून तर शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीला इंडिपेंडंट, म्हणजे मालकाच्या नात्यातली नसलेली बाईच पाहिजे म्हणावं लागलं, 2019 ला टॉप 500 कंपन्यांना, 2020 ला टॉप 1000. नॉर्वेनं बोर्डावर 40 टक्के बायका ठरवल्या, 2008 पर्यंत नाही केलं तर कंपनी बरखास्त, मग बरोबर सापडल्या बायका! मी ऑडिटला जाते तर आकडे मी सांगते अन् प्रश्न माझ्या आर्टिकलला, हाताखाली शिकणाऱ्याला, विचारतात, कारण तो पोरगा आहे.

धरमपेठकर: नॉर्वेचं अर्धंच सांगता. कायदा लागू नको म्हणून तिथल्या कित्येक कंपन्यांनी आपला प्रकारच बदलून घेतला. इंग्लंडात कोटा नाही, तरी मोठ्या कंपन्यांच्या बोर्डावर बायका 40 टक्क्यांवर गेल्या. मेरिट म्हटलं की माणूस बायकांच्या विरोधात, हे बंद करा.

सीए_ताई: इंग्लंडात आपोआप नाही झालं, 2011 पासून टार्गेट देऊन मागंच लागले होते ते.

बुटीबोरीवाला: नॉर्वे-इंग्लंड सोडा हो. आमच्या गावात सरपंचबाईचा नवराच खुर्चीवर बसते, बाई घरी. 50 टक्के आरक्षण देऊन काय फरक पडला?

हुडकेश्वरची_काकू: भाऊ, मी एका पतसंस्थेवर संचालक आहे, बायकांच्या दोन राखीव जागांतून. मीटिंगचा निरोपच येत नाही. शिपाई रजिस्टर घेऊन घरी येते, मी फोडणी टाकत होती तर ओट्यावरच उघडलं, 'काकू, इथं सही.' वाचायला चष्मा आणेपर्यंत त्यानं पान उलटवलं.

बुटीबोरीवाला: मग सही केलीच कायले? कर्ज बुडालं तर वसुली तुमच्यावर पण निघन.

हुडकेश्वरची_काकू: नाही केली तर पुढच्या वेळी पॅनलमध्ये नाव नसते! तुमच्या सरपंचाच्या नवऱ्याला तरी विचारलं का कधी, की तू कायले बसला त्या खुर्चीवर? नाही ना? मग मलेच कायले विचारता?

बुटीबोरीवाला: नाही विचारलं, खरं आहे. पण त्यानं कोटा बरोबर ठरत नाही.

धरमपेठकर: अजेंडा आधी मिळालाच पाहिजे, एवढं मान्य. कोटा मला आजही मान्य नाही.

हुडकेश्वरची_काकू: अजेंडा मागितला होता, अध्यक्ष म्हणाले, 'काकू, आमच्यावर विश्वास नाही का?'

सीए_ताई: तोंडी नका मागू. पत्र द्या, आवक नंबर अन् शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. विरोध असन तर प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे मीटिंगच्या नोंदवहीत, नावानिशी लिहायला लावा. ड्राफ्ट मी करून देते, इनबॉक्समध्ये या.