चवथीच्या रजा आणि शिफ्टचा सुपरवायझर

लीडर व्हायचं तर आवाज हवा, चारचौघांत बोलता आलं पाहिजे, हे नेहमीचं म्हणणं मला अर्धंच पटतं. मी गोव्यात वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत शिफ्ट सांभाळतो. इथे सुपरवायझरची पारख चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, रजांवर होते. सगळ्यांनाच घरी जायचं असतं आणि मशीन काही बंद ठेवता येत नाही. मग चवथीला ख्रिश्चन सहकारी जादा शिफ्ट घेतात, नाताळात आम्ही. हे आपोआप जमत नाही. कुणीतरी यादी बरीच आधी लावावी लागते, आणि लावणाऱ्याने स्वतःचं नाव सोयीच्या दिवशी टाकायचं नसतं. (बहुतेक जण तिथेच घसरतात.)

दुसरं म्हणजे चूक सांगायची मुभा. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या टीम्सचा अभ्यास केला. चांगल्या टीम्समध्ये औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या निघाल्या! तिथले लोक चुका लपवत नव्हते, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. आमच्याकडेही ऑपरेटरने गडबड शिफ्ट संपेपर्यंत दाबून ठेवली तर अख्खी बॅच टाकावी लागू शकते. म्हणून आधी ‘काय झालं?’ विचारावं, ‘कोणी केलं?’ नंतर.

भाषणकलेच्या ट्रेनिंगला जरूर जा, जेवण बरं असतं. पण नवी बढती मिळाली असेल तर शिफ्ट बदलतानाचं हँडओव्हर स्वतः उभं राहून घ्या. कुठलं मशीन कुरकुरतंय आणि कोण कोणाशी बोलत नाही, दोन्ही तिथे कळतं.