लुक्लाला अडकलोय, विमानं बंद. थांबू, हेलिकॉप्टर घेऊ की चालत खाली उतरू? मदत हवी आहे

मंडळी, जरा अर्जंट आहे. एव्हरेस्ट बेस कॅम्प करून लुक्लाला उतरलोय, मी, नवरा आणि धाकटा दीर. ट्रेक मस्त झाला, त्यावर नंतर कधीतरी लिहीन. पण आम्ही आल्यापासून इथून एकही विमान उडालेलं नाही. पहाटे सॅक घेऊन एअरपोर्टवर जायचं, दुपारपर्यंत ताटकळायचं आणि 'आज नाही, उद्या या' ऐकून लॉजवर परत यायचं. विमान यायच्या आधी इथे सायरन वाजतो म्हणे, त्यामुळे बाहेर कोणी शिट्टी मारली तरी अख्ख्या हॉलच्या माना वळतात.

आज सकाळी तर चक्क ऊन होतं तरी विमान नाही. म्हणे जिथून विमानं येतात त्या रामेछापला धुकं आहे, आणि तिथलं धुकं निवळेपर्यंत इथे दरीतून ढग वर आले, संपलं. धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर, तीही चढाची, एका टोकाला डोंगर आणि दुसऱ्या टोकाला दरी, पायलटला ती डोळ्यांनी दिसायलाच हवी, त्यामुळे कसंही करून उडवा असं मी तरी म्हणणार नाही.

पण आमचं तिकीट रद्द झालेल्या दिवसाचं, आणि काउंटरवाला म्हणतो की उद्या हवामान उघडलं तर आधी उद्याचं तिकीट असलेले जाणार, तुम्ही जादा फेरीत जागा झाली तर. हे खरंच असं असतं की आम्हाला गुंडाळतायत? हेलिकॉप्टरचे माणशी ५०० डॉलर सांगतायत. वर एकाने हळूच सुचवलं की डोकं दुखतंय, चक्कर येतेय असं सांगा, इन्शुरन्स पैसे देईल. नवऱ्याने तिथल्या तिथे नाही म्हटलं, दीर मात्र अजून 'बघू तर खरं' करतोय. चालत उतरायचं तर नवऱ्याचा गुडघा सुजलाय. आणि शनिवारी काठमांडूहून पुढचं विमान आहे. काय करावं?

प्रतिसाद १
ताई, गुंडाळत नाहीयेत, तिथली पद्धतच ती आहे. ज्या दिवसाचं तिकीट त्याच दिवसाचे लोक आधी, तुंबलेले मागून. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये तर धुक्याने हजारो लोक अडकले होते तिथे. ज्या एजन्सीकडून बुकिंग केलंत तिच्या काठमांडूतल्या माणसाला सकाळ-संध्याकाळ फोन करत रहा, काउंटरवर हुज्जत घालून नंबर पुढे सरकत नाही, आपलं डोकं मात्र फिरतं. विमानं बहुतेक सकाळीच चालतात, दुपारी वारा आणि ढग, त्यामुळे बारानंतर तिथे बसून राहू नका. हेलिकॉप्टरलाही दिसायला लागतंच, फक्त थोडी फट मिळाली तरी निघतं, तेव्हा उडण्याआधी पूर्ण पैसे हातात देऊ नका. आणि सीट पक्की होईस्तोवर विमानाचं तिकीट रद्द करू नका.

प्रतिसाद २
डोकेदुखीचं नाटक चुकूनही करू नका. खोट्या हेलिकॉप्टर रेस्क्यूंची नेपाळ सरकारने २०१८ मध्ये चौकशी केली होती, तेव्हापासून विमा कंपन्या असल्या क्लेमकडे बारीक नजरेने बघतात. हवामानामुळे विमान नाही हे मेडिकल कारण होत नाही. त्यापेक्षा एअरलाइनकडून 'खराब हवामानामुळे रद्द' असं पत्र शिक्क्यासकट घ्या, पॉलिसीत ट्रिप डिलेचं कव्हर असेल तर तेच कामाला येतं. चालण्याचं म्हणाल तर खाली जीप मिळते त्या सल्लेरीपर्यंत नुसती उतरण नाही, दूधकोशीच्या पुलापर्यंत खाली आणि मग ताक्सिंदु ला ही खिंड, म्हणजे ३,००० मीटरच्या वर पुन्हा चढ. सुजलेल्या गुडघ्याला झेपणार नाही. हल्ली जीप सल्लेरीच्या अलीकडे, लुक्लाच्या बाजूला थामडांडापर्यंत येते, तिथवर एका दिवसाची चाल आहे, पण सामानाला पोर्टर घ्याच.

मूळ धागाकर्ती
दोघांचे खूप आभार. दिराला प्रतिसाद २ मोठ्याने वाचून दाखवला, आता गप्प बसलाय. पत्र आणायला त्यालाच पाठवलंय. शनिवारचं विमान पुढे ढकलता येतं का ते विचारतेय, दंड हेलिकॉप्टरपेक्षा कमी असेल तर थांबूच. आता एवढंच सांगा, थामडांडाची जीप पाऊस पडून गेल्यावर चालू असते का? रात्रीपासून पत्र्यावर सारखी टपटप आहे. नुकतंच कोणी त्या रस्त्याने गेलं असेल तर प्लीज लिहा, इथे नेट येतं-जातं पण बघतेय.