चर्चा: गोव्याच्या दमट हवेत ऑफिसचा शर्ट खोचायचा की बाहेर सोडायचा?

पर्वरीकर: आमच्या पणजीच्या ऑफिसात या महिन्यापासून पुरुषांना 'बिझनेस कॅज्युअल' लागू झालं. कॉलरचा शर्ट, तोही खोचलेला, बंद बूट, जीन्स नाही. टाय-कोटाची सक्ती नाही. मुलं कुरकुरताहेत, पण मला नियम पटतो. चुरगळलेला टी-शर्ट घालून क्लायंटसमोर बसलं की बोलण्याआधीच आपण एक पायरी खाली येतो. कापड मात्र इथल्या हवेचं हवं. पॉलिएस्टरचा शर्ट घालून स्कूटरवरून मांडवी पूल ओलांडा, पाठीला चिकटून बसतो. सुती घ्या, नाहीतर सुती-लिनन मिश्र. घाम सगळ्यात जास्त दिसतो तो फिकट निळ्यावर आणि राखाडीवर. पांढरा किंवा गडद नेव्ही बरा.

डिचोलीकर: मला नाही पटत. मनोहर पर्रीकर २०१४ ते २०१७ देशाचे संरक्षणमंत्री होते, तेव्हाही बहुतेक वेळा अर्ध्या बाहीचा शर्ट बाहेर सोडलेला आणि पायांत सँडल. जपान सरकारने २००५ साली 'कूल बिझ' मोहीम काढली: उन्हाळ्यात टाय-कोट नको, एसी २८ अंशांवर. तिथे चालतं, मग इथे खोचण्याचा हट्ट कशाला? पावसात चामड्याच्या बुटांना बुरशी धरते ती वेगळीच.

पर्वरीकर: पर्रीकरांच्या साध्या शर्टामागे त्यांचं काम उभं होतं, भाऊ. पहिल्या नोकरीतल्या पोराची अजून ओळखच व्हायची असते. आणि कूल बिझने कोट काढला, नेटकेपणा नाही.

म्हापशेकर: आमचं शिवणकामाचं दुकान, म्हणून लिहितो. खोचायचा की नाही हे शर्टाची खालची कड सांगते. कड गोलाकार, पुढे-मागे लांब, तर तो खोचायलाच शिवलेला. सरळ कड झिपच्या निम्म्यापर्यंत येत असेल तर बाहेर सोडा, छान दिसतो. तयार शर्ट घेताना आधी खांदा बघा. शिवण खांद्याच्या हाडावरच बसायला हवी. दंडावर उतरली की महागाचा शर्टही थोरल्या भावाचा वाटतो. कंबर, बाहीची लांबी आम्ही दुरुस्त करून देतो, पण खांद्यासाठी अख्खा शर्ट उसवावा लागतो. शिवून घेणार असाल तर सुती कापड आधी रात्रभर पाण्यात ठेवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं. पँटच्या मोहरीला बुटावर एकच हलकी चुणी पडावी.

डिचोलीकर: सरळ कडेचा शर्ट बाहेर चालणार असेल तर शर्टापुरता माझा वाद संपला. बुटांचं काय?

फोंडेकरीण: आमच्या घरी रबरी सँडल घालून निघतात, बूट ऑफिसच्या खणात. भिजलेच तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवा; उन्हात चामडं तडकतं. पण मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. नव्याने लागलेल्या मुलाने चार शर्ट, दोन पँटी, बूट एकदम कुठून आणायचे? नियम काढणाऱ्यांनी त्याच्या पहिल्या पगाराचा हिशेब केला का? गडद, न फाटलेली जीन्स वर्षभर तरी चालू द्या.

पर्वरीकर: ताई, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सोमवारी एचआरला लिहून देतो: सरळ कडेचा शर्ट बाहेर चालावा, जून ते सप्टेंबर येता-जाता सँडल, आणि नव्या मुलांना जीन्सची सवलत. ऑफिसात बुटांची सूट मात्र मागणार नाही, क्लायंटसमोर बूट हवेतच.

डिचोलीकर: त्यावर माझं अजून भांडण आहे. म्हापशेकर, अर्ध्या बाहीच्या सुती शर्टाला कापड किती लागतं?